पेरणीआधीचे पैसे

कॅन्सस सिटीत बर्फ पडत असतानाच आम्ही उन्हाळ्यातल्या भाजीचे पैसे भरून टाकतो. हे पैसे जातात ‘न्यू रूट्स फॉर रेफ्युजीज’ या उपक्रमातल्या शेतकऱ्यांकडे. कॅथलिक चॅरिटीज आणि कल्टिव्हेट कॅन्सस सिटी या दोन संस्थांनी २००८ साली जुनिपर गार्डन्स या वस्तीलगत तो सुरू केला. म्यानमार, भूतान, सोमालिया, बुरुंडी अशा देशांतून परागंदा झालेल्यांना इथे साधारण पाव एकर जमीन कसायला मिळते. सुरुवातीला बी-बियाणं, अवजारं, पाणी संस्थेचं. मग दरवर्षी थोडा थोडा खर्च शेतकऱ्याने अंगावर घ्यायचा आणि चारेक वर्षांत स्वतःची जागा बघून बाहेर पडायचं. सभासदांच्या आगाऊ पैशांवर पेरणी होते आणि हंगामभर दर आठवड्याला घरी भाजीची पिशवी येते.

आम्हाला भाजी देणाऱ्या दिदी मूळच्या भूतानच्या, नेपाळीभाषक. १९९०च्या सुमारास त्यांच्यासारख्या लाखाच्या आसपास लोकांना भूतान सोडावं लागलं. पूर्व नेपाळमधल्या झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या छावण्यांत त्यांची जवळजवळ दोन दशकं गेली. पिढ्यान्‌पिढ्या शेती केलेली माणसं, पण हाताशी जमीन नाही आणि पोट मोजून मिळणाऱ्या शिध्यावर. २००८पासून मोठ्या संख्येने पुनर्वसन झालं, त्यातले बहुतेक अमेरिकेत आले. दिदी रात्रपाळी करून सकाळी शेतावर यायच्या. माझं हिंदी, त्यांचं नेपाळी वळणाचं हिंदी. बोलणं अडलं नाही.

एका वर्षी मे महिन्यात गारपीट झाली. लेट्यूस आणि मोहरीच्या पाल्याची अक्षरशः चाळण झाली. त्या आठवड्यात पिशवीत फक्त मुळे आणि सलगम होते. जमिनीखालचं तेवढं वाचलं होतं. दिदी ओशाळून म्हणाल्या, “पुढच्या वेळी जास्त देईन.” मी म्हटलं, “दिदी, पैसे भरले तेव्हा गारासुद्धा आपल्या दोघींच्या होत्या.” त्या नुसत्या हसल्या आणि वाकून पुन्हा बी टाकायला लागल्या. नवं बी घ्यायला त्यांना कोणापुढे हात पसरावा लागला नव्हता.

शेजारच्या वाफ्यात म्यानमारचं एक कुटुंब अंबाडी लावायचं. एवढ्या वर्षांनी तांबूस देठाची ती कोवळी पानं पाहिली आणि जुडी घेऊन थेट घरी आले. कण्या घालून भाजी केली, वरून लसणाची चरचरीत फोडणी. दुसऱ्या आठवड्यात डबा भरून त्यांनाही नेऊन दिली.

दिदी आता भाड्याच्या जागेवर स्वतःची शेती करतात, शनिवारच्या बाजारात गाळा लावतात. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेने निर्वासितांना प्रवेश देण्याचा कार्यक्रम स्थगित केला. जे आधी आले आहेत, त्यांचे पाय इथे रोवले जाणं त्यामुळे मला अधिकच मोलाचं वाटतं.

या आगाऊ पैशांना कोणी दानधर्म म्हटलं की मला राग येतो. शेतकऱ्याने पिकवायचं, गारपीट त्यानेच सोसायची आणि भाव मात्र लिलावात दुसऱ्याने ठरवायचा, हे आपल्या बाजार समित्यांत आपण वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत. खाणाऱ्याने पेरणीआधी पैसे दिले, तर त्या जोखमीतला वाटा तो उचलतो. ज्यांचं शेत, घर, देश सगळंच सुटलं, त्यांना हा भरवसा पुन्हा शेतकरी म्हणून उभं करतो. पुण्या-नाशकातल्या माझ्या मैत्रिणींनाही मी हेच सांगते: ओळखीचा एक शेतकरी गाठा आणि पेरणीआधी पैसे द्या.