म्हैसूरची लाजवंती: उडी न मारणारं माकड

म्हैसूरला जाणाऱ्या मराठी कुटुंबाची यादी ठरलेली असते. राजवाडा, चामुंडी टेकडी, वृंदावन गार्डन, प्राणीसंग्रहालय आणि परतताना म्हैसूरपाक. रविवारी संध्याकाळी राजवाड्यावरचे हजारो दिवे लागले की सगळे मोबाइल वर होतात. पण म्हैसूरचंच नाव लावणारा एक रहिवासी आहे, जो दिवे मालवल्यावर जागा होतो.

इंग्रजीत त्याला 'मायसोर स्लेंडर लोरिस' म्हणतात, मराठीत लाजवंती. कन्नड नाव मला सगळ्यात आवडतं: काडु पापा, म्हणजे रानातलं बाळ. एकदा फोटो पाहा, लगेच पटेल. वीतभर अंग, काड्यांसारखे हातपाय, शेपूट जवळजवळ नाहीच आणि निम्मा चेहरा व्यापणारे दोन गोल डोळे. वजन साधारण पाव किलो.

ही माकडांची लांबची नातेवाईक. म्हैसूरच्या आसपासची कोरडी, काटेरी झुडपांची रानं तिला मानवतात. दिवसा फांद्यांच्या गुंत्यात चेंडूसारखी गुंडाळून झोपते, अंधार पडला की किडे शोधायला निघते. इतरांनी नाक मुरडावं असे घाणेरड्या वासाचे किडेही ती खाते. मागच्या पायांनी फांदी धरते आणि दोन्ही हातांनी झडप घालते, त्यामुळे 'सुस्त प्राणी' हा शिक्का काही खरा नाही. हातापायांना स्वतःचं मूत्र चोळायची सवयही तिला आहे. चावऱ्या किड्यांपासून बचावासाठी असेल किंवा वासाने खूण ठेवण्यासाठी, अभ्यासक दोन्ही शक्यता मांडतात. (मुलांना हा भाग नक्की सांगा, खूश होतील.)

पिल्लू होतं एक किंवा दोन. सुरुवातीचे काही आठवडे ते आईच्या पोटाला बिलगून फिरतं. नंतर आई रात्री त्याला फांदीवर ठेवते, चरायला जाते आणि येऊन घेऊन जाते.

लाजवंतीची अडचण एकच: तिला उडी मारता येत नाही. वानर हुप्प करून पलीकडच्या झाडावर जाईल. हिला मात्र फांदीला फांदी भिडलेली लागते. रस्ता रुंद झाला, मधलं एक झाड गेलं, की तिच्यासाठी रानाचे दोन तुकडे होतात. मग ती जमिनीवर उतरते, तर कुत्री आणि गाड्या. विजेच्या तारेवरून जाते, तर शॉक. त्यात तिचे डोळे औषधात आणि जादूटोण्यात वापरण्याची अघोरी प्रथा. वन्यजीव कायद्याने तिला सर्वोच्च संरक्षण दिलंय. तमिळनाडूने 2022 मध्ये कडवूर इथे खास तिच्यासाठी देशातलं पहिलं अभयारण्यही जाहीर केलं.

तिची पश्चिम घाटातली बहीण ओल्या जंगलात राहते, गोव्यातल्या खोतीगाव अभयारण्यातही. म्हणजे आपल्याला ती अगदीच परकी नाही.

रात्रीच्या रानफेरीला जाणार असाल तर वनखात्याची परवानगी आणि जाणकार सोबती हवाच. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावा, कारण पांढऱ्या प्रकाशाने तिचे डोळे दिपतात. फ्लॅश बंद. मग फांद्यांमध्ये शेजारी-शेजारी लुकलुकणारे दोन नारिंगी ठिपके शोधा. ठिपके एकदम विझले तर समजा, तिने मान वळवली.