डोळ्यांची तपासणी आणि हृदयाची काळजी

मधुमेह आता कुणाच्याच घराला परका राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना हा आजार आहे. त्यातून आम्ही इंदूरकर! आमची सकाळ पोहे-जिलेबीने उजाडते आणि रात्र सराफ्यात रंगते. अशा गावात राहून आमच्या अण्णांनी सतरा वर्षे पथ्य सांभाळले, याचे आम्हा भावंडांना मोठे कौतुक वाटते.

अण्णा गोळ्या वेळेवर घेत, पण डोळे दाखवायला मात्र तयार नसत. "अरे, मी वर्तमानपत्र वाचतो, सुईत दोरा ओवतो. माझ्या डोळ्यांना काय धाड भरली आहे?" असे म्हणून ते आम्हाला वाटेला लावत. शेवटी आठवीतल्या नातवाने विचारले, "आजोबा, शाळेत आमचे डोळे तपासतात. मग तुमचे का नको?" नातवापुढे अण्णांचे काही चालले नाही.

नेत्रतज्ज्ञांनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, आतल्या पडद्याचे छायाचित्र घेतले आणि ते आम्हाला संगणकावर दाखवले. केशरी पडद्यावर रक्तवाहिन्यांचे नाजूक जाळे होते आणि त्यात टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके व काही पिवळसर डाग. नजर चांगली होती, तरी रोगाने पाऊल टाकले होते. मग डॉक्टरांनी विचारले, "यांच्या हृदयाची तपासणी केव्हा केली होती?"

डोळ्यांच्या डॉक्टरांनी हृदयाची चौकशी का करावी, हे आम्हाला कळेना. त्यांनी समजावून सांगितले ते असे. शरीर न कापता रक्तवाहिन्या प्रत्यक्ष पाहता येतात, अशी जागा म्हणजे डोळ्याचा पडदा. तो पाहण्याचे उपकरण हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८५१ साली जगापुढे मांडले. रक्तातली जास्त साखर, वाढलेला रक्तदाब आणि चरबी यांमुळे डोळ्यांतल्या बारीक वाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात, त्या झिरपू लागतात. हीच कारणे हृदयाच्या वाहिन्यांनाही इजा करीत असतात. डोळ्यांतून रोग हृदयात उतरतो असे नव्हे, पण डोळ्यांत बिघाड दिसला तर हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोकाही अधिक समजावा. शिवाय मधुमेहात नसांची संवेदना मंदावते, त्यामुळे काहींना हृदयाचा त्रास असूनही छातीत कळ येत नाही.

अण्णांनाही कळ कधी आली नव्हती. जिना चढताना दम लागे, त्याला ते 'वय झाले' म्हणत. तपासण्या झाल्या तेव्हा हृदयाच्या एका वाहिनीत अडथळा निघाला. वेळेवर उपचार झाले. आज अण्णा रोज सकाळी फिरायला जातात. डोळ्यांची तपासणीही नेमाने होते, आणि तारीख नातूच लिहून ठेवतो.

पालकहो, प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात निदान होताच आणि पुढे साधारणपणे दरवर्षी पडद्याची तपासणी करून घ्यावी. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे. थेंब घातल्यावर काही तास अंधूक दिसते, म्हणून सोबत कुणीतरी जावे आणि स्वतः स्कूटर चालवू नये. पडद्यावर दोष निघाला तर तो अहवाल मधुमेहाच्या डॉक्टरांनाही दाखवावा व हृदयाविषयी विचारावे. साखर, रक्तदाब आणि चरबी ताब्यात ठेवली व तंबाखू सोडली, तर डोळे आणि हृदय दोन्हींचे भले होते.

विद्यार्थी मित्रांनो, घरातल्या आजी-आजोबांना एवढेच विचारा, "थेंब घालून डोळे केव्हा तपासले होते?" उत्तर आठवत नसेल तर हट्ट धरा. तुमचा हट्ट ते मोडत नाहीत, हे आम्ही पाहिले आहे.

विश्वस्त मंडळाला आमची एक नम्र विनंती आहे. शाळेत मुलांची नेत्रतपासणी होते, त्या दिवशी मधुमेह असलेल्या पालकांना आणि आजी-आजोबांनाही बोलवावे, आणि त्यांचा पडदा तपासण्याची सोय व्हावी. खुर्च्या मांडायला आणि ज्येष्ठांना घरी पोहोचवायला आम्ही सारी भावंडे हजर राहू.