शेवटचा आउट

मी मालेगावच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित शिकवते. बी.एड. करताना मैदान म्हणजे ओढणी सावरत कडेला उभं राहण्याची जागा, एवढाच माझा खेळाशी संबंध. तरी एका वर्षी मुलींच्या सॉफ्टबॉल संघाबरोबर विभागीय शालेय स्पर्धेला नाशिकला मला जावं लागलं. क्रीडाशिक्षक पुरुष होते आणि पालकांची अट होती, ‘आपा सोबत असतील तरच पोरी जातील.’

नियम मी एस.टी.त मुलींकडूनच शिकले. सात इनिंग, प्रत्येक इनिंगला तीन आउट. कबड्डीत घड्याळावर नजर ठेवून वेळ काढता येतो, क्रिकेटमध्ये षटकं संपतात. इथं आघाडी कितीही असो, समोरचा शेवटचा गडी आउट केल्याशिवाय सुटका नाही.

शुक्रवारची सकाळ होती. आमच्याकडे मागांना सुट्टी, म्हणून राइट फिल्डला खेळणाऱ्या नववीतल्या मुलीचे अब्बा पहिल्यांदाच सामना पाहायला आले होते. “इस साल खेल ले, अगले साल देखेंगे,” असं ते घरी म्हणाले होते. ‘देखेंगे’चा अर्थ आम्हा बायकांना सांगावा लागत नाही. जिंकलो, पेपरात नाव आलं, तर त्यांना समजावणं सोपं जाईल, असा माझा हिशेब.

सातवी इनिंग. आम्ही ४-३ ने पुढे. समोरच्या दोघी आउट, बेसवर कुणी नाही. मी पाण्याच्या बाटल्या पिशवीत भरायला घेतल्या.

आमच्या पिचरचे चार चेंडू बाहेर गेले, बॅटर फुकटात पहिल्या बेसवर. पुढचा साधा चेंडू खड्यावर आपटून उडाला. दोन बेस भरले. तिसरा फटका उंच, राइट फिल्डकडे. दोन आउट असल्यामुळे बेसवरच्या दोघी झेलाची वाट न पाहता धावत सुटल्या. आमची मुलगी पळत चेंडूखाली पोचली. चेंडू ग्लोव्हला लागला आणि निसटला. दोघी घरी. ५-४. सामना संपला.

ती गवतावर बसून रडत होती. तिचे अब्बा उठले, तसं माझ्या पोटात गोळा आला. ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “आपा, इतनी दूर से पहुँची तो थी ना बॉल तक?”

मी फक्त मान हलवली.

पुढे वाचनात आलं की २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकले. अमेरिकेने आधीचे सलग २२ ऑलिंपिक सामने जिंकले होते, उपांत्य सामन्यात जपानलाही हरवलं होतं. अंतिम सामना मात्र जपानने ३-१ ने जिंकला. आकडेमोड करणाऱ्याने कुणावर पैज लावली असती, हे सांगायला नको.

पुढच्या जूनमध्ये तो बाप खेळाच्या फॉर्मवर सही करून गेला. मला वाटलं होतं, विजयाशिवाय ती सही मिळणार नाही. आमच्या पिचरबद्दल मात्र मी निर्धास्त होते. हुशार मुलगी, घरची परिस्थिती बरी. दहावीनंतर तिचं शिक्षण थांबलं. तिच्या घरी मी एकदाही गेले नव्हते. जायची गरजच वाटली नव्हती.

आता मी सगळ्यांच्याच घरी जाते. पिशवी आधी भरत नाही.