तारांकित गृहस्थ

आवाज कधी चढवत नाही. ‘कृपया’ म्हटल्याशिवाय काही मागत नाही. पण मागितलेलं मिळेपर्यंत पुढच्या पानावर पाऊलही टाकू देत नाही. तांबडी चांदणी असलेला रकाना रिकामा ठेवून निसटायला बघा, हा तुम्हाला वळवून बरोबर तिथंच आणून उभा करतो. तुम्ही विचार करत जरा वेळ गप्प बसलात, तर न सांगता उठून जातो. मग पुन्हा पासवर्ड, पुन्हा नमस्कार-चमत्कार.

केंब्रिज विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय संबंध या विषयातल्या अर्धवेळ मास्टर्सचा हा प्रवेशअर्ज. घराणं जुनं. कामधंदा करणाऱ्यांपर्यंत गावोगावी व्याख्यानं पोचवायला केंब्रिजनं सुरुवात केली १८७३ साली, जेम्स स्टुअर्ट यांच्या खटपटीनं. त्या व्याख्यानांतून वाढलेल्या शाखेचाच आजचा हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. विद्यार्थी मधूनमधून काही दिवस मॅडिंग्ली हॉल या ट्यूडर काळातल्या वाड्यात राहायला जातात आणि मग आपापल्या नोकरीवर परततात. १८६१ मध्ये पुढे सातवा एडवर्ड झालेला तेव्हाचा युवराज केंब्रिजमध्ये शिकत असताना याच वाड्यात उतरला होता. त्याच्या एका भानगडीबद्दल कानउघाडणी करायला त्याचे वडील प्रिन्स अल्बर्ट आजारी अंगानं तिथं आले, पावसात बापलेक फिरायला गेले आणि पुढच्याच महिन्यात अल्बर्ट वारले. १९४८ मध्ये विद्यापीठानं वाडा विकत घेतला. आता तिथं रजा मंजूर करून घेतलेले नोकरदार उतरतात.

माझा अर्ज या जमातीशी संबंध रोजचा. न्हावा-शेवा बंदरात माल सोडवणाऱ्या एका सीएचएच्या, म्हणजे कस्टम्स हाउस एजंटच्या, कचेरीत मी काम करते. बिल ऑफ एन्ट्री, शिपिंग बिल, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन यांच्यातच दिवस जातो. त्यामुळे या गृहस्थाची पहिली काही पानं मला सासरमाहेरासारखी परिचयाची वाटली. जन्मदेश कोणता, नागरिकत्व कुठलं, नेहमीचं वास्तव्य कुठं, असे तीन वेगळे रकाने. नवख्या माणसाला वाटेल, एकच गोष्ट तीनदा का विचारतोय? आमच्याकडे हे सरळ आहे. माल बनला कुठं, पाठवला कुठून आणि जहाजात चढला कुठल्या बंदरावर, या तीन गोष्टी आम्हीही वेगळ्याच लिहितो, कारण त्यांवर पैसा ठरतो. इथंही ठरतो. वास्तव्याच्या रकान्यावरून फी ब्रिटिश माणसाची लागणार की परदेशी माणसाची, ते कळतं. आसियान देशांशी झालेल्या करारात सवलतीचा दर हवा असेल, तर मालात साधारण ३५ टक्के मूल्य त्याच प्रदेशातलं असावं लागतं. माझ्यात कुणाचं किती टक्के, हे मात्र यानं विचारलं नाही. रत्नागिरी, डोंबिवली आणि पनवेल यांच्यात वाटणी करताना माझी पंचाईतच झाली असती.

नावाच्या बाबतीत मात्र तो समजूतदार निघाला. माझी मार्कशीट माहेरच्या नावाची. त्यावर आडनाव आधी, मग मी, मग वडील, शेवटी आई. पासपोर्ट सासरच्या नावाचा. बँकेपासून रेशनपर्यंत या दोन बायका एकच आहेत हे पटवण्यात, राजपत्राची प्रत घेऊन फिरण्यात, इथल्या बाईचं आयुष्य जातं. यानं शांतपणे ‘पूर्वीचं आडनाव’ असा एक रकाना पुढे केला. त्यावर चांदणीसुद्धा नव्हती.

इंग्रजीबद्दल मात्र भलताच संशयी. पदवीचं सगळं शिक्षण इंग्रजीतून, नोकरीतला सगळा पत्रव्यवहार इंग्रजीतून, तरी परीक्षेचा दाखला हवा. ब्रिटिश सरकारच्या ‘बहुतांश इंग्रजी बोलणाऱ्या’ देशांच्या यादीत जमैका आहे, माल्टा आहे, भारत नाही. शिवाय आयईएलटीएस या परीक्षेचे गुण दोनच वर्षं चालतात. म्हणजे इंग्रजीलाही औषधाच्या बाटलीसारखी मुदत. आंतरराष्ट्रीय संबंधांचा पहिला धडा प्रवेशाआधीच, फी न घेता मिळाला म्हणायचा.

त्याचा खरा हट्ट साक्षीदारांचा. तुमच्याबद्दल तुमचं म्हणणं तो ऐकून घेतो, पण विश्वास दुसऱ्याच्या पत्रावर ठेवतो. ही रीत जुनी आहे. १९१६ मध्ये आंबेडकर कोलंबिया विद्यापीठातून लंडनला निघाले, तेव्हा तिथल्या प्रा. सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या प्रा. फॉक्सवेलना पत्र दिलं होतं. आंबेडकरांना जे लागलं ते मलाही लागणारच, यात तक्रारीला जागा नाही. फक्त कॉलेज सुटून इतकी वर्षं झाली, की माझे सेलिग्मन आता दापोलीला सुपारीच्या बागेत असतात. त्यांना फोन लावला.

“सर, एक शिफारसपत्र हवं होतं.”

“देतो की. लेक कितवीत आहे आता?”

“लेकीला नको सर, मला हवंय.”

पलीकडे क्षणभर काही ऐकू आलं नाही. मग सर म्हणाले, “बरं झालं. कशासाठी शिकतेस ते लिहून पाठव. मला ते माहीत असल्याशिवाय मी काय लिहू?”

सरांना जे हवं होतं, तेच त्या गृहस्थाला हवं होतं. सगळे सोपे रकाने आधी भरून घेऊन तो शेवटी एक मोठी पांढरी चौकट समोर ठेवतो आणि विचारतो, का?

इथं माझी गाडी अडली. माझ्या धंद्यातले अर्ज कधीच ‘का’ विचारत नाहीत. काय आहे, किती आहे, कुठून आलं, किंमत काय, आठ आकडी वर्गीकरण कोणतं, एवढं सांगितलं की शुल्क निघतं. चिनी पंपाचा कंटेनर नेहमीपेक्षा जास्त दिवस का अडला, ते रकान्यात नसतं. ते आम्हाला टीव्हीवर गलवानच्या भारत-चीन चकमकीची बातमी आली की कळतं. एवढी वर्षं जगाच्या भांडणांचा परिणाम माझ्या टेबलावर येतोय, तो मी क्रमांक टाकून पुढे सरकवतेय, आणि त्यामागचं कारण विचारणारा कागद पहिल्यांदाच हातात आला होता.

अशा चौकटीत काय भरायचं, याचे नमुने पैसे देऊन मिळतात. त्यात उमेदवाराला लहानपणापासून जागतिक शांततेची ओढ असते. मला लहानपणी कैऱ्यांची ओढ होती. मी द्राक्षांबद्दल लिहिलं. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हौथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, मोठ्या कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घेतला, आणि २०२४ च्या हंगामात निफाडची द्राक्षं रॉटरडॅमला पोचायला साधारण दोन आठवडे जास्त लागू लागले. कंटेनरमधली थंडी तेवढे दिवस टिकवायची, भाडं वाढलेलं, आणि घड देठाशी सुकला की समोरचा खरेदीदार भाव पाडणार. येमेनमधला एक गट आणि नाशिक जिल्ह्यातला एक बागायतदार एकमेकांचं नावही न ऐकता एकमेकांच्या हिशेबात येतात. ते कसं, ते मला शिकायचं आहे. विम्याचे दर कोण ठरवतं, कुठल्या देशाचं आरमार कुणाचं जहाज राखतं, मालकी एका देशाची, झेंडा दुसऱ्याचा आणि खलाशी तिसऱ्याचे असतील तर जबाबदारी कुणाची, असं लिहीत गेले. शब्दमर्यादा संपली तशी चौकटीनं पुढचं अक्षर घ्यायला नकार दिला. वाक्य होतं खलाशांवरचं, तेच कापावं लागलं. त्याचं अजून वाईट वाटतं, कारण त्यांतले पुष्कळसे आपलेच असतात.

अर्धवेळच का, हाही एक रकाना होता. तिथं एका ओळीत लिहिलं : नोकरी सोडली तर वरचं काही कळणार नाही.

मार्च २०२५ संपता संपता पैसे भरले आणि ‘सादर करा’ दाबलं. त्याक्षणी गृहस्थाचा स्वभाव पालटला. रकाने करडे झाले, एकाही अक्षराला हात लावता येईना. आमच्या कस्टम्स कायद्यात कलम १४९ आहे. बिल ऑफ एन्ट्री दाखल केल्यावरही अधिकाऱ्याच्या परवानगीनं दुरुस्ती करता येते, माल सुटून गेला असला तरीसुद्धा, पुरावा त्या वेळचा असला म्हणजे झालं. याच्याकडे १४९ नाही.

आणि जग काही करडं होत नाही. २ एप्रिलला अमेरिकेनं भारतीय मालावर २६ टक्के आयातशुल्क जाहीर केलं. कचेरीतले फोन थांबेनात. कोळंबीवाले, दागिनेवाले, कापडवाले, सगळ्यांचा एकच सवाल, आमचं जहाज वाटेत आहे, आम्हाला लागणार का? ९ एप्रिलला १० टक्के तेवढं ठेवून बाकीचं ९० दिवसांसाठी थांबवलं. माझ्या अर्जात यातलं एक अक्षर नाही. मुलाखतीला बोलावलंच, तर पहिला प्रश्न याच्यावर येणार, म्हणून रात्री जेवणं आटोपली की उत्तराची तयारी करते. लेक समोर बसून प्रश्न विचारते, आणि तिला शब्दमर्यादा मान्य नाही.