झिगी स्टारडस्ट : उतरवलेले सोंग, अपुरी राहिलेली कथा

१/८
९ फेब्रुवारी १९७२. खाणकामगारांच्या संपामुळे ब्रिटनमधील कोळशाचे साठे आटले होते. सरकारने आणीबाणी जाहीर केली. घरोघरी पाळीपाळीने वीज जात होती. दुसऱ्याच दिवशी लंडनच्या टोलवर्थ उपनगरातील ‘टोबी जग’ नावाच्या पबमध्ये पंचविशीचा एक गायक रंगमंचावर आला. नाव डेव्हिड बोवी. परंतु त्या रात्री तो ‘झिगी स्टारडस्ट’ होता.

२/८
जूनमध्ये ‘द राइज अँड फॉल ऑफ झिगी स्टारडस्ट अँड द स्पायडर्स फ्रॉम मार्स’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. भडक पोशाख आणि रंगवलेले चेहरे मिरवणाऱ्या ‘ग्लॅम रॉक’चा तो काळ. अल्बमचा आरंभच अशुभ वार्तेने होतो: पृथ्वीची अवघी पाच वर्षे उरली आहेत. या अंतकाळात झिगी तरुणांचा तारणहार ठरतो आणि अखेरीस स्वतःच्याच कीर्तीत जळून जातो.

३/८
या पात्रामागे एक खरा माणूस होता. व्हिन्स टेलर हा रॉक गायक मानसिक संतुलन ढासळल्यावर स्वतःला दैवी अवतार मानू लागला होता. बोवीने त्याला साठच्या दशकात जवळून पाहिले होते. भक्तांनी देव केलेल्या माणसाचे पुढे काय होते, हा प्रश्न तिथूनच आला.

४/८
तथापि अल्बमचे कथासूत्र जागोजागी तुटलेले आहे. ‘इट एन्ट ईझी’ हे मुळात रॉन डेव्हिसचे गाणे. त्याचे ध्वनिमुद्रण १९७१ मध्येच झाले होते. सर्वांत गाजलेले ‘स्टारमॅन’ तर आरंभीच्या योजनेत नव्हतेच. स्वतंत्रपणे गाजेल असे गाणे कंपनीला हवे होते, म्हणून ते उशिरा दाखल झाले आणि त्याच्यासाठी चक बेरीच्या एका गाण्याला जागा सोडावी लागली.

५/८
हेच गाणे बोवीने बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये गायले. ६ जुलै १९७२ रोजी ते घराघरांत दिसले. गाता गाता त्याने गिटारवादक मिक रॉन्सनच्या खांद्यावर सहज हात टाकला. प्रौढ पुरुषांमधील खासगी समलैंगिक संबंध इंग्लंड आणि वेल्समध्ये गुन्हा न राहिल्यास जेमतेम पाच वर्षे झाली होती. समाजाची नजर मात्र बदललेली नव्हती. जानेवारीतच आपण समलैंगिक असल्याचे बोवीने मुलाखतीत सांगितले होते.

६/८
दिवाणखान्यात आईवडिलांशेजारी बसून ते दृश्य पाहणाऱ्या कित्येक मुलांना आपले वेगळेपण प्रथमच निर्भयपणे मिरवता येण्याजोगे वाटले. स्पँडाउ बॅलेचा गॅरी केम्प आणि इको अँड द बनीमेनचा इयन मॅककलक यांच्यासारख्या पुढच्या पिढीतील संगीतकारांनी त्या संध्याकाळचे ऋण मान्य केले आहे. झिगी कोण, कुठला, हे अल्बम धड सांगत नाही. त्या मोकळ्या जागेत ज्याने त्याने स्वतःला बसवले. कथा घट्ट विणलेली असती, तर ती केवळ झिगीची राहिली असती.

७/८
३ जुलै १९७३. लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये बोवीने अखेरच्या गाण्यापूर्वी जाहीर केले की हा आपला शेवटचा कार्यक्रम आहे. बासवादक ट्रेव्हर बोल्डर आणि ड्रमवादक मिक वुडमन्सी यांना याची कल्पनाही नव्हती. सहकाऱ्यांना आपल्या वाद्यवृंदाचा शेवट प्रेक्षकांसोबतच कळला. सोंग उतरवण्याची किंमत सोंग घेणाऱ्याने एकट्याने मोजली नाही.

८/८
बोवी पुढे अनेक रूपांत गायला आणि जानेवारी २०१६ मध्ये निवर्तला. झिगीचे वय मात्र वाढले नाही. मुखपृष्ठावर तो ज्या हेडन स्ट्रीटवर उभा आहे, तिथे २०१२ मध्ये त्याच्या नावाचा स्मृतिफलक बसवण्यात आला. लंडनच्या भिंतींवरील असे फलक बहुधा होऊन गेलेल्या माणसांचे असतात. हा कधीच नसलेल्या माणसाचा आहे, आणि त्याच्यापाशी येऊन उभे राहणाऱ्यांत १९७२ नंतर जन्मलेलेही असतात.