परतीची वाट

म्हातारपणी माणसाचे सांधे धरतात, मोटारीचे सुटतात. वडिलांनी १९६४ साली घेतलेल्या आमच्या मोटारीचे दिवे पावसाळा सरला की मिणमिणू लागतात. खड्ड्यात चाक आदळले की क्षणभर उजळतात. बल्ब नवे, बॅटरी नवी, तरी तीच तऱ्हा! ‘आता भंगारात द्या,’ असे सौभाग्यवतींचे म्हणणे.

दोष असतो तो परतीच्या वाटेवर. बॅटरीकडून दिव्याकडे वीज तारेने जाते; परतते मात्र गाडीच्या पत्र्यातून. मेकॅनिक याला अर्थिंग म्हणतात. दिव्याची तार जिथे पत्र्याला स्क्रूने जोडलेली असते, तिथे गंज चढतो. ४५ वॅटच्या दिव्याच्या वाटेत नुसता अर्ध्या ओहमचा अडथळा आला, तरी १२ व्होल्टांपैकी दीडाहून अधिक तिथेच खर्ची पडतात.

म्हणून मी आधी बॅटरीची तार सोडवतो, मग स्क्रू काढून पत्रा पॉलिश पेपरने लख्ख घासतो, पुन्हा घट्ट आवळतो आणि वर व्हॅसलिनचा हात फिरवतो.

घरांतूनही पुष्कळदा असेच होते, नाही का? माया आटलेली नसते. ती परत यायची वाट तेवढी गंजलेली असते. यंदा भाऊबीजेला बहिणीकडे याच मोटारीने जायचे ठरले आहे. सौभाग्यवतीही येणार आहेत.