भर दुपारची परीक्षा

मे महिन्यात पोंभुर्ण्याला जाणं म्हणजे वेडेपणाच. पण ताईचा फोन आला, "कॉम्प्युटर मधातच बंद पडते रे, येऊन पाय ना एकदा." गेलो.

भाऊजींचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटंसं दुकान आहे. अर्धा फॉर्म भरला की मशीन गोठायचं. एक बाई उत्पन्नाच्या दाखल्यासाठी जंगलातल्या गावाहून तीनदा येऊन परत गेली होती. भाऊजी नवीन मशीनसाठी कर्ज काढायच्या बेतात होते. भाच्यावर सगळ्यांचा राग, "यानंच व्हायरस आणला." तो बिचारा गप्प.

व्हायरस सापडला नाही. मेमटेस्ट86+ चालवून मेमरी तपासली, तीही ठीक. उरला प्रोसेसर. त्याला घाम फोडणारी सॉफ्टवेअरं पुष्कळ आहेत, पण बरीचशी नुसती तापवतात. मला उत्तर तपासणारं हवं होतं. म्हणून प्राइम95 निवडलं.

याची गंमत अशी, की ते मुळात प्रोसेसर तपासायला लिहिलेलंच नाही. जॉर्ज वोल्टमन यांनी 1996 मध्ये प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधण्याचा गिम्प्स हा प्रकल्प सुरू केला, त्यासाठीचं हे सॉफ्टवेअर. (याच प्रकल्पात ऑक्टोबर 2024 मध्ये 4,10,24,320 अंकी मूळ संख्या सापडली!) अशा हिशोबात एक आकडा चुकला तरी सगळी मेहनत पाण्यात. म्हणून त्यात 'टॉर्चर टेस्ट' आहे. ज्यांची उत्तरं आधीच ठाऊक आहेत अशी गणितं प्रोसेसरकडून करून घ्यायची आणि उत्तर ताडून बघायचं. 1994 मध्ये पेंटियमची भागाकाराची चूकही थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांना जुळ्या मूळ संख्यांचा हिशोब करतानाच सापडली होती. मूळ संख्या थापा खपवून घेत नाहीत :)

त्यातला 'स्मॉल एफएफटी' प्रकार लावला. यात आकडेमोड प्रोसेसरच्याच पोटातल्या कॅशमध्ये राहते, मेमरीचा संबंध जवळजवळ येत नाही आणि उष्णता भरपूर होते. रात्रभर चालवलं. एकही चूक नाही! भाऊजी म्हणाले, "मग बिघडलं काय?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दुकान रात्री कुठे चालतं? खोलीची उष्णता वाढली की प्रोसेसरचीही तेवढीच वाढते. दुपारी दोनला, पत्रे तापलेले असताना पुन्हा लावलं. दहा मिनिटांत चूक आली. राउंडिंग 0.5, अपेक्षा 0.4 हून कमी. म्हणजे प्रोसेसर चक्क चुकीचा हिशोब करत होता.

बायोस उघडलं तर वेग ठरलेल्यापेक्षा वाढवलेला. मागे उभा भाचा हळूच म्हणाला, "मामाजी, गेमसाठी मीच केलं जी. हिवाळ्यात चांगलं चालत होतं. बाबाले नका सांगू ना."

वेग मूळ जागी आणला, पंख्यातली धूळ काढली, प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट बदलली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तीच परीक्षा. पास! कर्ज वाचलं.

भाऊजींना "उष्णतेनं झालं" इतकंच सांगितलं. खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. संध्याकाळी पोरगा स्वतःच बापाजवळ जाऊन बसला आणि सगळं बोलून मोकळा झाला. भाऊजी थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "उद्यापासून दुकानात बस. त्या बाईचा फॉर्म तूच भर."

असो. परीक्षा भर दुपारीच घ्यावी. रात्रीच्या गारव्यात काय, सगळेच पास होतात.